बांगला मोटर ते शेगुनबागिचा

“आम्ही आज येत नाही. तुम्ही जा!” लतावहिनी बाथरूमच्या दाराआडून हिंदीत ओरडल्या.

खोलीच्या दारात स्पर्धेचा स्वयंसेवक उभा होता. त्याने एकदा मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्यासोबत कोणी डोळस माणूस असलं की लोक त्याच्याशीच बोलतात. तो ‘आच्छा, आच्छा’ करत जिना उतरला आणि मी चपलेत पाय घालेपर्यंत खालची बस निघूनसुद्धा गेली.

“वहिनी, बस गेली.”

“जाऊ दे नं. माझ्यानं उभं राहवत नाही, कुंदा. कालची ती मासळी...” पुढचं वाक्य उलटीत वाहून गेलं.

मी चाचपत जाऊन त्यांची पाठ चोळली. साखर-मिठाचं पाणी करून दिलं. मजल्यावर झाडू मारणाऱ्या बाईला हाक मारून त्यांच्याजवळ बसायला सांगितलं. मग पलंगावरची पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीत माझा पट होता आणि मोहरे.

“काहून गं? कुठं निघाली?”

“खेळायला.”

“कोणासोबत?”

“एकटी.”

“वेडी झाली का? आर्वीत तू पोस्टापर्यंत एकटी गेली नाहीस कधी. हे ढाका आहे! एक डाव गेला तर काय बिघडते? इतके दिवस खेळली, पुष्कळ झालं. दादाला मी सांगीन समजावून.”

वहिनी वाईट नव्हत्या. माझ्यासाठी परक्या देशात आल्या होत्या, मासळीच्या वासाची शिसारी असताना केवळ यजमानांचं मन मोडू नये म्हणून खाल्ली होती. पण एक डाव गेला तर काय बिघडतं, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

याला आता वीसेक वर्षं झाली. अंध खेळाडूंची बुद्धिबळाची मोठी स्पर्धा होती, आसपासच्या बऱ्याच देशांतले लोक आले होते. तो शेवटचा दिवस. शेवटचा डाव मी जिंकले तर जागतिक स्पर्धेसाठीची जागा मला मिळणार होती. आणि ती मिळाली तर नागपूरच्या एका कचेरीत खेळाडूंसाठी राखलेली नोकरी. माझी स्वतःची, नागपूरची नोकरी. नाही मिळाली तर दादाने वर्ध्याच्या संस्थेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे खुर्च्या विणायच्या. ते काम हलकं नाही, माझ्या दोन मैत्रिणी ते करतात आणि छान राहतात. मला मात्र ते नको होतं. हे मी घरात एकदा बोलले तेव्हा दादा प्रेमाने म्हणाला होता, “अगं, बसून करायचं काम आहे. तुला त्रास नाही.”

बरोबरीने माझं भागणार नव्हतं. समोरच्या मुलीचं भागणार होतं. ती तिथलीच, ढाक्याची, नाव तहमिना आख्तार. बाकी मला तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं की ती सारखी हल्ला करते.

“वहिनी, मी जाऊन येते,” म्हटलं आणि कठडा धरून जिना उतरले.

खाली मॅनेजरने पहिलं काम केलं ते म्हणजे खुर्ची ओढली. लोकांनी मला पाहिलं की आधी खुर्ची आठवते.

“बसा दीदी. चहा घ्या. आज मोर्चा निघालाय, सगळं शहर बंद पडलंय. तुमची बस परत येईल संध्याकाळी.”

“मला बस नको. रिक्षा बोलवा. शेगुनबागिच्याला जायचंय, शाळेच्या सभागृहात.”

“एकट्या? मी जबाबदारी कशी घेऊ?”

“घेऊ नका. फक्त रिक्षा बोलवा.”

तो बराच वेळ हूं-हूं करत राहिला. शेवटी मी काठी उघडली आणि आवाजाच्या दिशेने रस्त्याकडे चालायला लागले, तेव्हा तो धावत पुढे गेला.

ढाक्यात आपल्या रिक्षेसारख्या तीनचाकीला सीएनजी म्हणतात, ती त्या गॅसवर चालते म्हणून. आत बसले तर दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीची दारं. ड्रायव्हरच्या आणि माझ्या मध्येही जाळी. दार लावून बाहेरून कडी सरकली. मी हाताने जाळी चाचपून पाहिली. बोट जेमतेम आत जात होतं.

“चोर हात घालतात, म्हणून जाळी,” ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव हाशेम. टीव्ही बघून शिकलेलं हिंदी, पण बोलायची भारी हौस. तिकडे ताईला आपा म्हणतात. “आपा, तुम्हाला खरंच काही दिसत नाही?”

“काहीच नाही.”

“मग घरच्यांनी सोडलं कसं?”

“सोडलं नाही. मी निघाले.”

तो ‘या आल्ला’ म्हणाला आणि त्याने गाडी रस्त्यात घातली.

मला गर्दी नवी नव्हती. आर्वीचा बाजार मी कानाने आणि नाकाने पुरता ओळखत होते. पण ढाक्याच्या रस्त्याला कडाच नव्हत्या. आवाज सगळीकडून एकदम अंगावर यायचे. उजव्या बाजूला बसचा तापलेला धूर आणि क्लीनरची पत्र्यावर पडणारी थाप, डाव्या कानाला सायकलरिक्षांच्या घंट्या, मागे कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून झोपी गेल्यासारखा. हाशेम फटीत गाडी घुसवायचा, कचकन थांबायचा, जाळीला कोणाचं तरी हँडल खरडत जायचं. मग दोघं एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचे आणि दोघंही एकदम निघायचे. एकदा आम्ही इतके तिरके झालो की मी आसनावरून घसरून जाळीवर आपटले.

“भिऊ नका आपा. माझ्या हातून आजवर माणूस पडला नाही.”

“मी भीत नाही. जरा लवकर चला.”

“लवकर? इथून पुढे मुंगी जात नाही.”

फार्मगेटपाशी आम्ही अडकलो. गाड्यांची इंजिनं एकेक करून बंद पडली तशी दूरवरून लाटेसारखी घोषणा ऐकू आली. मी मनगटावरचं घड्याळ उघडून काटे चाचपले. डाव सुरू झाला होता. सुरू झाल्यापासून तासाच्या आत पटापाशी पोचलं नाही तर डाव गेला, असा नियम. हाशेम उतरून पुढे बघून आला, कोणाशी तरी भांडून आला, मग उलट्या बाजूने गाडी घातली. समोरून येणारे सगळे आम्हाला शिव्या देत होते. तो प्रत्येकाला एकच उत्तर देत होता: “आंधळी बाई आहे, आंधळी बाई!” जणू गाडी मीच चालवत होते.

असं करत आम्ही बांगला मोटर नावाच्या चौकात पोचलो आणि तिथे शिट्टी वाजली. पोलिसाने पुढच्या पत्र्यावर काठी आपटली. पुढचा रस्ता मोर्चासाठी बंद, सगळ्या गाड्या मागे.

हाशेमने आवाज एकदम रडवेला केला. बंगालीत म्हणाला ते मला एका शब्दावरून कळलं. “रोगी आहे साहेब, रोगी! इस्पितळात न्यायचीय, डोळ्यांचं...”

“मी रोगी नाही!” मी जाळीतून ओरडले. “मी बुद्धिबळ खेळायला चाललेय.”

पोलीस खो-खो हसायला लागला. हाशेमने कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

“आपा! एक मिनिट गप्प बसला असतात तर!”

त्याचं बरोबर होतं. पण आजारी म्हणून मला कुठेच पोचायचं नव्हतं, त्या दिवशी तर नाहीच.

“चला, परत नेतो तुम्हाला,” तो म्हणाला. “भाडं नका देऊ परतीचं. माझी पण बहीण आहे घरी.”

“दार उघडा. मी इथे उतरते.”

“इथे? इथे मी तुम्हाला टाकून जाऊ? मला झोप येईल का?”

मी भाडं जाळीतून पुढे केलं आणि कडी उघडेपर्यंत दार हलवत राहिले. शेवटी त्याने उघडलं, माझा हात धरून फुटपाथवर उभं केलं आणि पोलिसाला बंगालीत बरंच काही बजावलं. जाताना दोनदा मागे वळून ‘आपा, हलू नका हां’ असं ओरडला. मग त्याचा आवाज बाकीच्या आवाजांत मिसळून गेला.

पोलिसाने काय केलं असेल? एक स्टूल आणलं.

“बसा. मोर्चा संपला की कोणाच्या तरी गाडीत बसवून देतो.”

“कधी संपेल?”

“दुपार होईल. संध्याकाळही होईल.”

“शेगुनबागिचा कुठल्या बाजूला आहे?”

“लांब आहे. चालत नाही जमणार तुम्हाला. बसा.”

मी बसले नाही. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी स्टुलाला गुडघा टेकवून उभी होते. कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे हे मला माहीत नव्हतं. भाषा येत नव्हती. भारतातला मोबाईल तिथे मुका झाला होता. वहिनींचं म्हणणं खरं होतं, मी पोस्टापर्यंतसुद्धा एकटी गेले नव्हते. आता बसले असते तर कोणी मला दोष दिला नसता. उलट शहाणी म्हणाले असते.

घंट्या ऐकू येत होत्या. सायकलरिक्षांच्या, डावीकडून, एकामागून एक. मोठ्या रस्त्यावरून वळून त्या कुठल्या तरी गल्लीत शिरत होत्या, कारण वळताना प्रत्येकीची घंटा भिंतीवर आपटल्यासारखी वाजायची. म्हणजे तिकडून वाट होती.

मी काठी टेकत फुटपाथच्या कडेपर्यंत गेले आणि हात वर केला.

“शेगुनबागिचा! दाबा! शेगुनबागिचा!”

बंगालीत बुद्धिबळाला दाबा म्हणतात. हा शब्द पहिल्याच दिवशी ऐकला तेव्हा मला हसू आवरेना. आता मी भर चौकात तोच शब्द घसा फोडून ओरडत होते. पोलीस मागून ‘ओ दीदी, ओ दीदी’ करत होता. एक रिक्षा हळू झाली आणि निघून गेली. दुसरीतल्या कोणी तरी हसलं. मी ओरडत राहिले. घशात धूळ गेली, खोकला आला, तो थांबल्यावर पुन्हा ओरडले.

एक घंटा माझ्यापुढून गेली. थोडी पुढे जाऊन थांबली. मग चाकं उलटी, मागे येण्याचा आवाज.

“दाबा खेळायला कोण चाललंय?” वरून एका बाईचा आवाज आला. हिंदी मोडकं, पण आवाज ठाम.

“मी. मला उशीर झालाय. शेगुनबागिच्याला, शाळेत.”

वरचा आवाज गप्प झाला. रिक्षावाल्याने काही तरी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही.

“भारतातून?” तिने विचारलं.

“हो.”

“चढ,” ती म्हणाली. “हात दे.”

माझा हात हवेत तिचा हात शोधत राहिला, तिचाही बहुधा शोधत होता, कारण आधी तिची बोटं माझ्या नाकाला लागली. मग पकड बसली आणि तिने मला वर ओढलं. सायकलरिक्षाचं आसन उंच असतं आणि पुढे उतरतं. मी पिशवी पोटाशी धरून तिला चिकटून बसले.

“हूडचा दांडा धर. मामा, चला! मोगबाजारकडून घ्या.” ढाक्यात रिक्षावाल्याला मामा म्हणतात. “नाव काय तुझं?”

“कुंदा.”

“मला झुमुर म्हणतात.”

मामा पेडलवर उभा राहून रेटायला लागला आणि आम्ही गल्लीत शिरलो. मोठ्या रस्त्याला शिस्त नव्हती, पण गल्लीत तर सगळं ढाका पळून आलं होतं. रिक्षांची चाकं एकमेकांत अडकत, मामा खाली उतरून ती सोडवे, पुन्हा चढे. एका ठिकाणी समोरून हातगाडी आली आणि दोन्हीकडचे लोक ‘तू मागे जा, तू मागे जा’ करत राहिले. झुमुरने आसनावर उभं राहून असा काही आवाज लावला की हातगाडीच मागे गेली.

“काय म्हणालीस त्याला?”

“म्हटलं, मी इथून हलणार नाही. मला घरी काम नाही, तुला असेल.”

मला ती आवडली. मला वाटलं, मोठ्या घरातली असेल, किंवा मास्तरीण.

“कोणाशी खेळतेस आज?” तिने विचारलं.

“तहमिना आख्तार म्हणून आहे कोणी. इथलीच.”

“कशी खेळते?”

“आडदांड. पुढचामागचा विचार न करता राजावर धावून जाते. घोडा फेकते म्हणतात, म्हणजे मुद्दाम मारू देते, कोणाला काही कळायच्या आत. लोक घाबरतात आणि हरतात.”

“तू घाबरत नाहीस?”

“मी दारं लावून बसणार. तिला दमू देणार. एकदा ती दमली की मग माझे मोहरे बाहेर.”

“आणि तिने हल्लाच नाही केला तर?”

“तिला राहवणार नाही.”

झुमुर मोठ्याने हसली. इतकी, की मामानेही मागे वळून काय झालं विचारलं. तिने त्याला सांगितलं आणि तोही हसला. मला वाटलं बुद्धिबळाला हसतायत.

“पावाच्या भट्टीचा वास आला की डावीकडे, मामा,” ती म्हणाली. वास आला, आम्ही डावीकडे वळलो. सिद्धेश्वरीच्या गल्ल्या होत्या त्या. रस्ता उखडलेला, मामाने उतरून हाताने रिक्षा ओढली. गटाराचं पाणी चाकांखाली चुबुकचुबुक वाजत होतं. मी घड्याळ उघडायचं टाळत होते. झुमुरनेच विचारलं, “वेळ बघ ना.” मी काटे चाचपले. थोडाच वेळ उरला होता. तिने मामाला काही सांगितलं. आवाज चढवला नव्हता, पण तो धापा टाकत पळायलाच लागला. काकराईलचा मोठा रस्ता आडवा आला तेव्हा तो थांबलाच नाही. बसचे ब्रेक करकरले, कोणी तरी किंचाळलं, माझ्या चेहऱ्यावर गरम वारा येऊन गेला, आणि आम्ही पलीकडे होतो.

“जिवंत आहेस?” झुमुरने विचारलं.

“आहे.”

“मग बस नीट. आलंच.”

शाळेच्या फाटकात मला उतरवून ती म्हणाली, “तू पळ. मी मामाचं बघते.” मी आभार मानत होते, तेवढ्यात एका स्वयंसेवकाने माझं कोपर पकडलं आणि जवळजवळ उचलूनच आत नेलं.

सभागृहात ती ओळखीची शांतता होती, लाकडावर खुंट्या बसल्याची टकटक आणि हळू आवाजातल्या चाली. आम्ही अंध खेळाडू ज्या पटावर खेळतो त्याला भोकं असतात, मोहऱ्यांना खुंट्या. प्रत्येकाचा पट वेगळा. चाल तोंडाने सांगायची, ती दोघांनी आपापल्या पटावर लावायची. सगळ्या देशांच्या लोकांना कळावं म्हणून पटाच्या उभ्या ओळींना नावं दिलेली आहेत: आना, बेला, सेझर, डेव्हिड, एव्हा अशी, शेवटची हेक्टर; आडव्या ओळींना आकडे.

“तुमच्या प्रतिस्पर्धीही आलेल्या नाहीत अजून,” पंच म्हणाले. “पांढरे मोहरे त्यांचे आहेत, म्हणून घड्याळ त्यांचं चालू आहे. बसा.”

मी पट लावला. थोड्या वेळाने समोर खुर्ची सरकली, कोणी तरी धापा टाकत बसलं. पंचांनी आमचे हात मिळवून दिले. तिचा हात ओला होता, नुकताच धुतलेला. तिच्या घड्याळातला जवळजवळ सगळा तास उडाला होता, माझा एक क्षणही गेला नव्हता.

“एव्हा चार,” समोरचा आवाज म्हणाला.

मी प्यादं उचललं आणि हात तसाच राहिला.

“झुमुर?”

“डाव चालू आहे,” पंच दटावून म्हणाले. “चालीशिवाय काही बोलायचं नाही.”

मी माझी चाल सांगितली, “एव्हा सहा.” एवढंच बोलता येत होतं.

बंगाली लोकांना घरचं एक नाव असतं आणि कागदावरचं एक, हे मला नंतर कळलं. रिक्षात ती मला खोटं बोलली नव्हती. आणि तिला चौकातच कळलं होतं मी कोण ते. तिने ‘चला मामा’ म्हटलं असतं, तर मी तिथेच स्टुलाशेजारी उभी राहिले असते आणि ती न खेळता जिंकली असती. जागा तिची झाली असती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी खेळत होते. वाईट खेळत होते. तिला माझा बेत शब्दन् शब्द माहीत होता. मला वाटलं ती आज संथ खेळेल, मला बाहेर यायला लावेल. ती तशी खेळली नाही. ती धावून आली. मी रिक्षात सांगितलं होतं अगदी तशीच, राजावर, प्यादी मोडत. आणि मग तिने घोडा फेकला. ‘तिला राहवणार नाही’ हे माझेच शब्द कानात वाजले आणि माझं डोकं जागेवर आलं. मी दारं लावून घेतली. ती ठोकत राहिली. एकेक करून तिचे मोहरे दमले. माझ्याकडे एक घोडा जास्त होता, वेळ भरपूर होता. तिचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

तेव्हा मी ते केलं.

“ड्रॉ,” मी म्हटलं. बरोबरी.

बरोबरी झाली असती तर जागा तिला मिळत होती. मला पूर्ण ठाऊक होतं. मी फार मोठं काही करते आहे असं वाटत होतं.

तिचं घड्याळ चालूच होतं. मग तिने मोहरा उचलल्याचा आवाज आला आणि तो तिने खुंटी मोडेल इतक्या जोरात भोकात बसवला.

“हेक्टर पाच,” ती म्हणाली. पुढे पंचांना न जुमानता एकच शब्द: “खेळ.”

त्या एका शब्दाने माझे कान तापले. मला आर्वीतला प्रत्येक माणूस आठवला. बस स्टँडवर न विचारता हात धरून भलत्याच गाडीत चढवणारा, शाळेत माझं पाठांतर चुकलं तरी टाळ्या वाजवणारा, ‘तुला त्रास नाही’ म्हणणारा माझा दादा. त्या सगळ्यांचा मला जो संताप यायचा, तोच समोर बसलेल्या मुलीच्या आवाजात होता. आणि आता तो माझ्यावर होता.

मी खेळले. त्यापुढची एकही चाल मी दयेने खेळले नाही. ती अखेरपर्यंत लढली, घड्याळ संपत आलं तरी तिच्या चाली कडक येत होत्या. एकदा तर तिने मला खरोखर घाबरवलं. पण जास्तीच्या घोड्याने शेवटी त्याचं काम केलं. तिने राजा भोकातून काढला आणि पटावर आडवा ठेवला. टक्. मग टेबलावरून हात पुढे आला.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. कुठून तरी कोणी आमच्या हातात चहा दिला.

“का थांबलीस तिथे?” मी विचारलं.

“तू इतकी ओरडत होतीस. सगळा चौक ऐकत होता.”

“खरं सांग.”

तिने चहाचा घोट घेतला. “खूप तयारी केली होती गं. भाऊ रोज पुस्तकातल्या चाली वाचून दाखवायचा, त्याची परीक्षा बुडाली. ती तयारी कोणावर वापरू? चौकातल्या पोलिसावर?”

“मग रिक्षात सांगितलं का नाहीस?”

“तू माझ्याबद्दल इतकं छान बोलत होतीस! आडदांड. पुढचामागचा विचार न करणारी.” ती हसली. मग हसणं थांबलं. “ड्रॉ का मागितलास?”

मी चहावर फुंकर घालत राहिले.

“रिक्षात बसवलं म्हणून?”

“हो.”

“पुन्हा कधी असं करू नकोस. कोणाशीच नको.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि मी तेव्हा जिंकत होते.”

“अजिबात नाही. माझ्याकडे घोडा जास्त होता.”

“तुझा उंट कोंडला होता!”

“तो मी मुद्दाम ठेवला होता!”

आम्ही तिथेच तो डाव तोंडी पुन्हा खेळून काढला. त्या चालीपासून चार वेगवेगळ्या वाटांनी. दोनदा ती जिंकली. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते. त्यानंतर आजवर तिच्याशी माझे शेकडो डाव झाले आहेत, आधी पत्राने, मग फोनवर. जागतिक स्पर्धेत पुढच्या खेपेला ती गेली, मला हरवून गेली. नागपूरला नोकरी लागली तेव्हा मी खोली घेतली आणि कचेरीपर्यंतचा रस्ता स्वतः पाठ केला. दादा पहिला महिनाभर रोज लांबून माझ्या मागे चालायचा. मला त्याच्या चपलांचा आवाज कळायचा, पण मी बोलले नाही. मग एक दिवस तो आवाज थांबला.

पण त्या दिवशी व्हरांड्यात स्वयंसेवक आला आणि म्हणाला, बस संध्याकाळी निघेल, तोवर आत बसा. वहिनी तिकडे परक्या बाईच्या भरवशावर होत्या. मला त्यांना सांगायचं होतं, आणि त्यांना पाणी पाजायचं होतं.

“मी आत्ताच जाते,” मी म्हटलं.

झुमुर फाटकापर्यंत आली. रस्त्यावर तोच कल्लोळ चालू होता. मी वाट पाहिली, तिला भाषा येते, ती हाक मारेल. ती माझ्या शेजारी उभी राहून उरलेला चहा पीत राहिली.

“झुमुर, रिक्षा?”

“मग थांबव की.”

मी काठी आपटून कडेचा अंदाज घेतला. एक पाऊल खाली रस्त्यावर टाकलं. घंट्यांच्या त्या गर्दीतून एक हळू येणारी घंटा निवडली आणि पोटातून ओरडले, “ओ मामा!”

ब्रेकची रबरं घासली. माझ्या पायापासून हातभरावर चाक थांबलं.

“कोथाय जाबेन?” वरून आवाज आला.

मी हूडचा दांडा शोधला, स्वतःच चढले आणि त्याला पत्ता सांगितला.